हे कुठे लिहिलंय?

बंगळूरच्या मान्यता टेक पार्कच्या कँटीनमध्ये कोणी "सर्व्हर लटकलाय, मार किल मायनस नाइन" असं म्हणालं आणि पलीकडच्या टेबलावर एकाचा घास हातातच थांबला, तर समजावं, तिथे सिग्नलबुवा बसलेत. ते उठून येणार. ताट घेऊनच येणार. "एकदम नऊ? आधी पंधरा का नाही?" समोरचा म्हणणार, "असंच करतात हो सगळे." मग तो प्रश्न येतो, ज्याची अख्ख्या मजल्याला धास्ती आहे: "हे कुठे लिहिलंय?"

बुवा मूळचे बेळगावचे, गेली कित्येक वर्षं हेब्बाळकर. एका प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत ऑपरेटिंग सिस्टिमचे सिग्नल हाताळणारा जो कोपरा असतो, त्याचं डॉक्युमेंटेशन लिहिणं हे त्यांचं काम. सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींनी यातलं फक्त 'सिग्नल' ऐकलं. तेव्हापासून एस्टीम मॉलपुढच्या कोंडीच्या तक्रारी त्यांच्याकडे येतात आणि बुवा त्या लिहूनही घेतात.

तर पंधरा म्हणजे सिगटर्म. चालू प्रोग्रामला सिस्टिम सांगते, आवरा आता. प्रोग्राम हा निरोप पकडू शकतो, उघड्या फायली बंद करतो, अर्धवट काम जागेवर ठेवतो आणि जातो. नऊ म्हणजे सिगकिल. तो पकडता येत नाही, अडवता येत नाही, कानाआडही करता येत नाही. प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारी कुबरनेटिससारखी व्यवस्थासुद्धा आधी सिगटर्म पाठवते, ३० सेकंद थांबते आणि मगच नऊ नंबर काढते. डॉकर १० सेकंद थांबतो. "यंत्रालासुद्धा एवढी रीत आहे," बुवा म्हणतात. ही रीत कुठल्या पानावर आहे हे विचारायची सोय नाही, कारण ते लगेच सांगतात.

प्रश्न ऑफिसात राहिला असता तर निभावलं असतं. रिक्षावाल्याने मेख्री सर्कलपर्यंत मीटरवर पन्नास जास्त मागितले की बुवा अस्खलित कन्नडमध्ये विचारतात, "एल्लि बरेदिदे?" घरच्या सत्यनारायणाला गुरुजी म्हणाले, आता उजव्या हाताने पाणी सोडा. बुवांनी विचारलं, कुठे लिहिलंय? गुरुजी खमके, त्यांनी पोथीच पुढे केली. बुवांनी ती वाचून परत दिली आणि दोन पानं उलटसुलट शिवली गेल्याचं निदर्शनास आणून दिलं. प्रसादाला त्या दिवशी उशीर झाला.

स्वयंपाकघरात तर त्यांना मज्जावच आहे. पाककृतीच्या पुस्तकात 'मीठ चवीनुसार' हे दोन शब्द दिसले की त्यांच्या कपाळावर आठी चढते. कोणाच्या चवीनुसार? कमाल मर्यादा किती? ओलांडली तर काय होतं? बायको म्हणते, "अरे, आमटी आहे ती." बुवा म्हणतात, हे प्लॅटफॉर्मवर अवलंबून आहे. त्यांना उदाहरण मागू नये, पण कोणीतरी मागतंच: सिगयूजरवन हा सिग्नल नेहमीच्या लिनक्सवर १० नंबरचा, मॅकवर ३० नंबरचा; आणि लोक कोडमध्ये नावाऐवजी नुसता आकडा ठोकून देतात! हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर कापतो.

हेब्बाळमध्ये २०१८ साली एक शिलालेख उजेडात आला. इसवी सन ७५०च्या आसपासचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला. रट्टांशी लढताना पडलेल्या किट्टय्या नावाच्या वीराची नोंद त्यावर आहे. बंगळूर शहराची ही फार जुनी लेखी खूण. बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बुवा तो दाखवायला नेतात. कोण लढला, कोणाशी, कोणाच्या राज्यात, सगळं नोंदलेलं आहे, हा त्यांचा आनंद. रट्ट म्हणजे राष्ट्रकूट, वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळातलं ते, असं एखादा पुणेकर पाहुणा अभिमानाने सांगतो. अशा वेळी कोण कोणाच्या हद्दीत शिरलं यावर बुवा मत देत नाहीत. बेळगावचा माणूस आहे.

आता, सिग्नलबद्दल इतकं लिहिण्यासारखं असतं तरी काय, असा प्रश्न मजल्यावरच्या नव्या पोरांना पडतो. त्याचं उत्तर बुवा वाण्याच्या वहीवरून देतात. वाणी वहीत उधारी लिहितोय, आकडा अर्धा लिहून झालाय, आणि तेवढ्यात कोणी तीच वही ओढून मध्येच दुसरी नोंद सुरू केली तर हिशोबाचं काय होईल? सिग्नल नेमका असाच कधीही येतो. प्रोग्राम मेमरी मागत असेल, त्याच क्षणी येतो. म्हणून सिग्नल पकडणाऱ्या फंक्शनमध्ये मेमरी मागू नये, साधं प्रिंटएफसुद्धा वापरू नये. चालतील अशा फंक्शन्सची यादीच पॉझिक्स मानकाने दिलेली आहे. पायथॉनने यातून शहाणपणाची वाट काढली. आतला सी भाषेतला हँडलर फक्त एक खूण करतो आणि बाजूला होतो. तुमचा पायथॉन हँडलर नंतर, मुख्य थ्रेडमध्ये, सवडीने चालतो. मात्र आतल्या सी कोडमधलं एखादं लांबलचक काम चालू असेल, तर ते संपेपर्यंत कंट्रोल-सी दाबूनही काहीच हलत नाही, असं होऊ शकतं. लोक कीबोर्ड आपटतात. बुवा पान उघडून देतात. लिहिलंय.

गो भाषेने १.१४ आवृत्तीत, २०२० साली, स्वतःच्या अंतर्गत कामासाठी सिगअर्ज वापरायला घेतला. कधी न दिसणारा हा सिग्नल लोकांच्या लॉगमध्ये दिसायला लागला, मध्येच तुटणारे सिस्टिम कॉल वाढले. त्यावर बुवांनी ऑफिसात फिरवलेलं टिपण चार पानी होतं आणि त्याला पुरवणी होती. ती पुरवणी कोणी वाचली असेल तर त्याने अजून कबूल केलेलं नाही.

आणि मग १ जुलै २०२४ उजाडली. ओपनएसएसएच म्हणजे जगातल्या बहुतेक सर्व्हरांचं पुढचं दार. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं, की त्याला भोक आहे. लॉगिनला ठरलेल्या १२० सेकंदांत कोणी आत आलं नाही की अलार्मचा सिग्नल येतो, आणि तो पकडणारं फंक्शन आतून लॉग लिहायला जातं. म्हणजे तीच वही, तोच अर्धा आकडा! सरासरी दहा हजार प्रयत्नांत ३२ बिटी लिनक्सवर रूटचा ताबा मिळवता येत होता. हेच भोक २००६ साली बुजवलेलं होतं. पुढे कोड आवरताना कोणीतरी एक ओळ काढून टाकली आणि २०२१च्या आवृत्तीत ते पुन्हा उघडलं. त्या दिवशी अख्खा मजला बुवांच्या टेबलाभोवती उभा होता. क्वालिसचं पुण्यातही ऑफिस आहे, यावर पुणेकरांनी परस्पर श्रेय वाटून घेतलं. बुवा मात्र जरा उदास होते. "ती ओळ का ठेवली आहे, हे तिच्या शेजारीच लिहायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

त्यांच्याबद्दल बरं बोलायची वेळ आली आहे आणि ती आता टाळता येत नाही.

एका मंगळवारी सकाळी बुवांचं कार्ड गेटवर लागेना. लॅपटॉप उघडेना. फोनवर एक मेल होती: खर्चाची फेररचना, आपल्या योगदानाबद्दल आभार, आजपासून. कंटेनरला ३० सेकंद देणाऱ्या कंपनीने माणसाला शून्य दिले. अर्धवट काम जागेवर ठेवायला नाही, टेबलावरचा डबा उचलायलाही नाही. डबा नंतर सिक्युरिटीवाल्याने सोसायटीत आणून दिला. त्याला म्हणे बुवांनी एकदा गेट पासची नियमावली लिहून दिली होती.

महिन्याभराने मध्यरात्री पेमेंटची सर्व्हिस पुन्हापुन्हा पडू लागली. ड्यूटीवर नवी मुलगी, नोकरीला लागून जेमतेम दोन आठवडे. पडद्यावर फक्त १३७. तिने तो आकडा शोधला आणि एक पान उघडलं: १२८ अधिक ९ म्हणजे सिगकिल, बहुधा मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलं, आधी हे पाहा, मग ते, घाबरू नका, डेटा सुरक्षित राहील अशी सोय कोडमध्ये केलेली आहे. पंचवीस मिनिटांत सर्व्हिस उभी राहिली. पानाखाली लेखकाचं नाव नव्हतं. खातं बंद झालं की तिथे 'अज्ञात वापरकर्ता' असं येतं. "घाबरू नका" हे तांत्रिक टिपणात कोण लिहितं, हे मजल्यावरच्या जुन्यांना विचारावं लागलं नाही. कुठल्या वेळी कोण वाचत असेल याचा विचार करून लिहिणारा तिथे एकच होता, आणि तो समोर असताना सगळे ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जात असत.

पुढे एचआरचा फोन बुवांना आला. त्यांच्याकडच्या कुठल्या सर्व्हिस कोणाकडे द्यायच्या, याची यादी सापडत नव्हती. बुवांनी पत्ता सांगितला, परिच्छेदासकट. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी चिडून फोन आपटला असता. बुवांनी विचारलं, माणसाला काढायची तुमची प्रक्रिया कुठे लिहिलीय? कुठेच नव्हती. मग त्यांनी ती लिहिली. अकरा पानं: आधी सूचना, मग ठरलेली मुदत, मुदतीत काय काय आवरू द्यायचं, आणि प्रवेश बंद करायचा तो सगळ्यात शेवटी. पुरवणीत डबा होता.

एचआरकडून उत्तर आलं: "थँक्स, नोटेड." बुवांनी उलट टपाली विचारलं, कुठल्या पानावर.