एक फुल वेल्हे

१९४८ पर्यंत पुण्याहून वेल्ह्याला जायचं म्हणजे रीतसर दुसऱ्याच्या राज्यात जायचं. तोरणा, राजगड हा सगळा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात. त्या साली संस्थान विलीन झालं, त्याच साली १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि माझ्यासारख्या पेठेतल्या माणसाची परमुलखात जाऊन हाल करून घ्यायची कायमची सोय झाली.

आमचे मेहुणे युरोपची सहल करून आल्यापासून बसप्रवासावर अधिकारवाणीने बोलतात. मागे कलणाऱ्या खुर्च्या, दर दोन तासांनी थांबा, तरी व्हिएन्नाला पोचेपर्यंत म्हणे पाय सुजले! मी म्हटलं, "एवढ्याला काय प्रवास म्हणायचं? मी एसटीने जाऊन तोरणा चढून येतो." बायकोने शांतपणे डबा भरायला घेतला, तेव्हा आता जावंच लागणार हे कळलं.

स्वारगेटला गाडी लागताच मुरलेल्या प्रवाशाच्या थाटात मी खिडकीतून रुमाल टाकला. दारातून आत शिरेपर्यंत त्या जागेवर नऊवारीतल्या एक आजी स्थानापन्न झाल्या होत्या आणि माझ्याच रुमालाने काच पुसत होत्या. "तुजा हाय व्हय रं बाबा?" म्हणून त्यांनी तो नीट घडी घालून परत केला, धुळीसकट.

मला मिळाली शेवटच्या बाकावरची मधली जागा. तिथे समोर धरायला काही नसतं. ब्रेक लागला की माणूस थेट ड्रायव्हरच्या भेटीला निघतो. मांडीवर नवीकोरी सॅक, डावीकडच्या काकांच्या हातात बोअरचा पाइप, उजवीकडच्या वहिनींच्या पायाशी सुकटाची पिशवी. ती प्रत्येक वळणाला माझ्याकडे सरके. कंडक्टर आले. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना २०२२ पासून प्रवास फुकट. वहिनींना २०२३ पासून हाफ. "एक फुल वेल्हे," असं मी खणखणीत म्हणालो, तेव्हा आसपासच्यांत पूर्ण भाडं भरणारा आणि अर्ध्या बुडावर बसलेला मी एकटाच होतो.

कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, चेलाडी फाटा इथवर माझी ऐट टिकली. नसरापूर मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. मी दात आवळले, गुडघे ताणले, बाकाची कड घट्ट धरली. गाडी माझ्याच जोरावर चालली असावी असा एकूण आविर्भाव. तोरण्यावर महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं सांगतात. मला आंबवणे ते मार्गासनी एवढ्या टापूत स्वतःच्या पाठीतले आजवर अज्ञात असलेले मणके सापडले.

आजी मात्र गाढ झोपल्या होत्या. गाडी उजवीकडे कलली की त्या झोपेतच डावीकडे कलत, डोईवरचा पदर जागचा हलत नव्हता. विंझर यायच्या जरा आधी त्यांनी आपसूक डोळे उघडले, बोचकं उचललं आणि उतरता उतरता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आंग ढिलं सोड रं. गाडीशी कुस्ती खेळतुयास व्हय?"

वेल्ह्याला उतरलो तेव्हा पाय माझ्या ताब्यात नव्हते आणि सुकटाचा वास पूर्णपणे माझ्या मालकीचा झाला होता. गावातली दोन कुत्री प्रेमाने सॅकच्या मागे लागली. समोर तोरणा उभा होता, समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर. मी त्याच्याकडे पाहिलं, मग जवळच्या हॉटेलातल्या भज्यांच्या कढईकडे पाहिलं, आणि मोहिमेची दिशा पक्की केली.

दुसरी प्लेट संपताना मेहुण्यांचा फोन आला. "काय, तोरणा झाला का?"

"अगदी समोरून पाहिला," मी म्हणालो. यात एक शब्दही खोटा नव्हता.

कंडक्टर शेजारच्याच टेबलावर चहा घेत होते. त्यांना विचारलं, "साहेब, परतीची गाडी कुठली?"

"हीच की," ते बशी पुसत म्हणाले. "उतरलाच नसता तर खिडकी मिळाली असती."