गाण्यापुरता परदेश

परदेश पाहून आलेल्या माणसाला आपण ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारतो. ‘कशासाठी गेला होतात?’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही, आणि ते बरंच आहे, कारण बहुतेकांजवळ उत्तर नसतं. पिसाचा मनोरा कललेला आहे हे त्यांना शाळेपासून ठाऊक असतं. तरी लाख-दोन लाख खर्चून ते तिथे जातात, मनोरा अजून कललेलाच आहे याची खात्री करून घेतात, त्याला तळहाताने टेकू दिल्याचा फोटो काढतात आणि गाइडने दिलेली वीस मिनिटं संपली म्हणून धावत बस गाठतात. याला पर्यटन म्हणायची पद्धत असली तरी ही खरं म्हणजे पडताळणी आहे. आणि पडताळणीला घाई नसते. मनोरा पुढच्या वर्षीही तिथेच असणार. अशा जगात एखादा माणूस केवळ एका गायकाला प्रत्यक्ष ऐकायचं म्हणून विमानात बसला, की त्याला घरचे वेडा म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आया सोडल्या, तर हौसेने परदेशी जाणाऱ्यांत सबळ कारण असलेला हाच एक प्रवासी. त्याचा प्रवास कोर्टाच्या तारखेसारखा असतो: दिवस, वेळ, दार आणि खुर्ची ठरलेली, आणि हजर राहिलं नाही तर निकाल एकतर्फी. तारखेसाठी परगावी गेलेल्या माणसाने तिथलं प्रसिद्ध देऊळ पाहिलेलं नसतं. पण स्टँडपासून कचेरीपर्यंतचा रस्ता, बरा चहा कुठे मिळतो आणि कोणाला विचारलं असता खरं उत्तर मिळतं, हे त्याला चोख माहीत असतं. परदेश कळायला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

‘ही अलीकडची थेरं आहेत’ हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर द्यायला १७०५ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी आर्नश्टाट नावाच्या गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या वीस वर्षांच्या नोकरदाराने चार आठवड्यांची रजा टाकली आणि ल्यूबेकला बुक्सटेहुडे नावाच्या बुजुर्ग वादकाला ऐकायला तो निघाला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, वाहन स्वतःचे पाय. जर्मनी हा एक देश तेव्हा झालेला नव्हता. वाटेत संस्थानांमागून संस्थानं लागत, आणि ल्यूबेक तर स्वतंत्र नगरराज्य. म्हणजे हा रीतसर परदेशप्रवासच. ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये नाताळच्या आधीच्या काही रविवारी संध्याकाळी बुक्सटेहुडेच्या मैफली होत, आणि त्या डिसेंबरात तर एका बादशहाच्या निधनाचा शोक आणि दुसऱ्याच्या राज्यारोहणाचा आनंद अशा दोन खास मैफली लागोपाठच्या दोन दिवशी होत्या. आमचा नोकरदार चार आठवड्यांऐवजी सुमारे चार महिने राहिला. परतल्यावर फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या मंडळाने त्याला समोर उभं केलं. या चौकशीची नोंद आजही उपलब्ध आहे, आणि कुठल्याही सरकारी कचेरीतल्या कारणे दाखवा नोटिशीच्या शेजारी ती खपून जाईल. कुठे होतास? ल्यूबेकला, आपल्या कलेतलं काहीबाही समजून घ्यायला. परवानगी? चार आठवड्यांची मागितली होतीस, चौपट राहिलास. कामाचं काय? बदली माणूस ठेवला होता. मग खरी तक्रार बाहेर आली: हा तिकडून आल्यापासून प्रार्थनागीतांच्या साथीत असे काही चमत्कारिक सूर मिसळतो की गाणाऱ्या मंडळींचा गोंधळ उडतो. या नोकरदाराचं नाव योहान सेबास्टियन बाख. मंडळाच्या दृष्टीने तो फक्त गैरहजर होता.

बुक्सटेहुडेच्या जागेची एक मेखही सांगण्यासारखी आहे. त्याच्यानंतर ती भरघोस पगाराची नोकरी हवी असेल, तर त्याच्या थोरल्या मुलीशी लग्न करावं लागे. त्यानेही आधीच्या वादकाची मुलगी करूनच ती मिळवली होती. बाखच्या दोन वर्षं आधी हँडेल आणि त्याचा मित्र माटेझोन त्याच वाटेने आले होते. त्यांनी वादन ऐकलं, अट ऐकली आणि ते परत गेले. बाखही परत गेला. संगीतासाठी केलेल्या प्रवासाच्या खर्चाचा हिशेब मांडताना हा संभाव्य खर्चही धरायला हवा.

बाख शिकायला गेला होता, आजचे लोक करमणुकीला जातात, हा दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे. पण नुसते ऐकणारे श्रोतेही जुनेच. बव्हेरियातल्या बायरॉइट या आडगावात वाग्नरने स्वतःच्या नाटकांसाठी थिएटर बांधलं आणि १८७६ च्या ऑगस्टमध्ये चार संध्याकाळी चालणारी एकच संगीतिका तिथे सादर केली. जर्मनीचा सम्राट आला, ब्राझीलचा सम्राट समुद्र ओलांडून आला (हॉटेलच्या नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात त्याने ‘सम्राट’ असं लिहिल्याचं सांगतात), लिस्ट आला, ग्रीग आला. मॉस्कोच्या एका वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून चायकोव्हस्की आला. त्याने पाठवलेल्या वार्तापत्रांत संगीताइतकाच जीव ओतलेला विषय आहे जेवणाचा. एवढे लोक येणार हे ठाऊक असूनही गावात खायची सोय नव्हती. कटलेट, भाजलेला बटाटा आणि ऑम्लेट यांवर वाग्नरच्या संगीतापेक्षा जास्त हिरिरीने चर्चा चालते, असं त्याने चक्क लिहून ठेवलंय. ज्यांना यात श्रोत्यांची पोकळ हौस दिसते त्यांनी एक लक्षात घ्यावं. ज्या गावात बटाटा मिळवायलाही धडपड करावी लागते तिथे माणूस चार रात्री काढतो, तेव्हा त्याचं कारण बटाटा नसतं. उलट, गाव त्यालाच खरं कळलं. पडताळणीला आलेल्या माणसाच्या पॅकेजमध्ये नाश्ता धरलेला असतो; त्याला बायरॉइटची भूक कधीच कळली नसती.

१८९१ मध्ये मार्क ट्वेन तिथे गेला. तो वाग्नरचा भक्त नव्हता, नुसता बघ्या होता, आणि त्याची पंचाईत त्याच्या लेखात स्पष्ट दिसते: आजूबाजूचे हजारो लोक भारावलेले, आणि आपण तेवढे शहाणे की आपणच तेवढे अडाणी, हे त्याला धड ठरवता येईना. निमित्ताविना मैफलीला गेलेल्याची अशीच अवस्था होते. बायरॉइटने मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांत श्रोत्याचे लाड करायचे कटाक्षाने टाळले आहेत. खुर्च्या अजून लाकडी, ऑगस्टच्या उकाड्यात प्रेक्षागृहाला वातानुकूलन नाही, खेळ सुरू झाला की दारं बंद, आणि मध्यंतर तासाभराचं. तिकिटासाठी एके काळी दहा-दहा वर्षं थांबावं लागे. दहा वर्षं वाट पाहून लाकडी खुर्चीवर पाच-सहा तास घामाघूम बसणाऱ्याला चैनीखोर म्हणणं, हे मला तरी जड जातं.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो आणि तो ऐकायला बिनतोड वाटतो: सगळं फोनवर फुकट मिळतं, आवाजही स्वच्छ, मग जायचं कशाला? बाखला रेकॉर्ड मिळत नव्हती, हे खरं. पण ध्वनिमुद्रणाने प्रवास थांबायचा असता तर तो शंभर वर्षांपूर्वीच थांबला असता, घडलं उलटंच. बाख माहीत नसलेलं ऐकायला गेला, आजचा श्रोता पाठ असलेलं ऐकायला जातो, एवढाच फरक. आणि पाठ असलेलं पुन्हा समोरून ऐकण्याच्या हव्यासाला मराठी माणसाने तरी हसू नये. बालगंधर्वांच्या नाटकांना जाणाऱ्यांना पदं तोंडपाठ होती. म्हणून तर ते वन्समोअर मागत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतून गायिका तीळभर दिसते आणि तिचा चेहरा शेवटी मोठ्या पडद्यावरच पाहावा लागतो, हेही मान्य. शिवाय समोर हजारो फोन उंचावलेले असतात, त्यामुळे माणूस पडद्यावरच्या गायिकेला दुसऱ्याच्या पडद्यात पाहतो. यावर मी वकिली करणार नाही. एवढंच म्हणेन की ते चित्रण पुढे कोणीही पाहत नाही, म्हणजे ते फोन निदान पुढच्या श्रोत्यांना त्रास देत नाहीत.

आता पैसा. इथे वैयक्तिक वेडाचा प्रश्न संपून राज्यकारभाराचा सुरू होतो. मे २०२३ मध्ये बियॉन्सेने जगदौऱ्याची सुरुवात स्टॉकहोमला केली. परदेशी चाहत्यांनी हॉटेलं भरली, दर चढले, आणि डान्स्के बँकेच्या अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडला की स्वीडनच्या त्या महिन्याच्या महागाईच्या दरात ०.२ टक्केबिंदूंचा वाटा या गाण्याचा असावा. पुढे मार्च २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे सहा कार्यक्रम सिंगापूरला झाले आणि आग्नेय आशियात दुसरीकडे कुठेच झाले नाहीत. तीन लाखांहून अधिक तिकिटं गेली. शेजाऱ्यांचा जळफळाट झाला. आपल्या भागात तिने दुसरीकडे गाऊ नये या अटीवर सिंगापूरने दर कार्यक्रमामागे २० ते ३० लाख डॉलर मोजले असं आपल्या कानावर आलंय, असं थायलंडच्या पंतप्रधानांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं. फिलिपीन्सच्या एका खासदाराने हे चांगल्या शेजाऱ्याचं वागणं नव्हे अशी तक्रार केली. सिंगापूरने अनुदान दिल्याचं कबूल केलं, आकडा सांगितला नाही, आणि शिखर परिषदेसाठी मेलबर्नला गेलेल्या त्यांच्या पंतप्रधानांना पत्रकारांसमोर या सौद्यात शत्रुत्व नसल्याचा खुलासा करावा लागला. आता ज्या माणसाच्या मागे सरकारं पैशाच्या थैल्या घेऊन धावतात त्याला उधळ्या ठरवायचं, की सरकारांना? मला स्वतःला या प्रकरणात मनिलाहून निघालेली चाहतीच सर्वांत समंजस वाटते. तिला गाणं हवं होतं, ते सिंगापूरला होतं, ती सिंगापूरला गेली.

हाच व्यवहारी हिशेब अमेरिकेतल्या चाहत्यांनीही केला: तिथल्या पुनर्विक्रीच्या भावापेक्षा युरोपातलं तिकीट आणि विमानभाडं मिळून स्वस्त पडतं म्हणून ते पॅरिसला गेले. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली तेव्हा इंटरनेटवरच्या रांगेत लाखोंचे आकडे दिसत होते. अडीच हजारांपासून सुरू होणारं तिकीट काळ्या बाजारात लाखांत गेलं. तेव्हा पुष्कळ जणांनी जानेवारी २०२५ च्या अबू धाबीच्या कार्यक्रमांकडे मोर्चा वळवला. मुंबईहून अबू धाबी विमानाने तीन तास. मुंबईचे कार्यक्रम तरी होते कुठे, तर नेरुळला. कार्यक्रम सुटल्यावर नेरुळहून बोरिवली गाठू पाहणाऱ्याला यांतला परदेश कोणता असं विचारलं, तर तो दोनदा विचार करेल.

कोल्डप्लेवरून सर्वांत अवघड आक्षेपही निघतो. पर्यावरणाला झेपेल असा दौरा आखता येईपर्यंत आपण दौरेच करणार नाही, असं या मंडळींनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. नंतरच्या दौऱ्यात प्रेक्षकांच्या उड्यांतून वीज बनवणारी जमीन आणि पायडल मारून बॅटरी भरायच्या सायकली त्यांनी आणल्या, आणि स्वतःचं थेट कार्बन उत्सर्जन आधीच्या दौऱ्यापेक्षा ५९ टक्क्यांनी घटल्याचं जाहीर केलं. त्या हिशेबात प्रेक्षकांच्या विमानांचा धूर येत नाही. म्हणजे मुंबईचा श्रोता तीन तास विमानाने जाऊन, एका बॅटरीत थोडी भर पडावी म्हणून मन लावून उड्या मारतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. पिसाला जाणाराही विमानानेच जातो असं म्हणता येईल, पण तो बचाव झाला, उत्तर नव्हे. बाखसारखं चालत जा म्हणावं, तर रजा कोण देणार?

माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्नात झाली. घातपाताचा कट उघडकीस आल्यामुळे टेलर स्विफ्टचे तिथले तिन्ही कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाले. तोवर चाहते देशोदेशींहून येऊन पोहोचले होते. गाण्यासाठी आलेल्यांचं गाणंच गेलं. माझ्या युक्तिवादाप्रमाणे त्यांनी मिळेल त्या विमानाने परत फिरायला हवं होतं. ते गेले नाहीत. तिच्या एका गाण्यातल्या रस्त्याशी नाव जुळतं म्हणून कॉर्नेलियसगासे नावाच्या साध्या रहिवासी गल्लीत ते जमले, झाडाला हाताने ओवलेल्या मण्यांच्या माळा बांधल्या, अनोळखी लोकांशी त्यांची देवाणघेवाण केली आणि सगळी गाणी आपणच म्हणून टाकली. कोणी म्हणेल, बघा, गायिका हे नुसतं निमित्त होतं. असेल. पण ती गल्ली व्हिएन्नाच्या कुठल्याही सहलीच्या कार्यक्रमात नाही, आणि निमित्त खोटं असतं तर इतक्या लोकांना ती सापडली नसती. व्हिएन्नाच्या काही संग्रहालयांनी या चाहत्यांची दया येऊन त्यांना फुकट प्रवेश दिला. मोझार्ट राहिला ते घरही त्यांत होतं. आत सोडायला दारावर टेलर स्विफ्टचं तिकीट दाखवावं लागे.