३१ जूनचं प्रशिक्षण

अनुपालन अधिकारी झालो त्याच आठवड्यात मी टेबलावर पितळी पाटी ठेवली. संस्थेनं दिली नव्हती, खामगावहून स्वखर्चानं करून आणली. नावापेक्षा पद मोठ्या अक्षरांत. शिपाई ती रोज पुसायचा आणि रोज तिचं तोंड माझ्याकडे करून ठेवायचा. त्यामुळे दिवसभर ती एकटा मीच वाचत बसायचो. मलाही ते गैरसोयीचं नव्हतं.

त्याआधी मी आमच्या पतसंस्थेत वसुलीला होतो. म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले घेऊन लोकांच्या बांधावर शिव्या खायला. आता कूलरची हवा मिळाली आणि माझ्यातला विचारवंत जागा झाला. मी बावीस पानी पुस्तिका लिहिली, ‘अनुपालन : एक जीवनशैली’. संचालकांना वाटली, कर्मचाऱ्यांना वाटली, मेव्हण्यालाही दिली. तो म्हणाला, “भाऊजी, टाइप छान आहे.”

शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचा कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील संस्थानचा चहासुद्धा घेत नसत, असं आमच्या जिल्ह्यात कौतुकानं सांगतात. पुस्तिकेत त्यांचा उल्लेख तीनदा आहे. प्रकाशनाचा चहा आणि कचोरी मात्र किरकोळ खर्चात टाकली.

पण माझी खरी वाङ्मयीन कामगिरी म्हणजे दोष-दुरुस्ती अहवाल. लेखापरीक्षणात दोष निघाले की कलम ८२ प्रमाणे तीन महिन्यांत हा अहवाल पाठवायचा, नमुना ‘ओ’ मध्ये. एका रकान्यात दोष, शेजारच्या रकान्यात दुरुस्ती. रोख शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त? यापुढे दक्षता घेण्यात येईल. जामीनदाराची सही नाही? यापुढे दक्षता घेण्यात येईल. शिक्क्यावर ‘बुलडाणा’ आणि लेटरहेडवर ‘बुलढाणा’? तिथंही दक्षताच. या वाक्याचं सौंदर्य सावकाश बघा. ‘यापुढे’ म्हणजे कधीपासून, ते नाही. ‘दक्षता’ म्हणजे नेमकं काय, ते नाही. आणि घेणार कोण, तो तर औषधालाही सापडत नाही. शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना मला वाटायचं, हा कुणाच्या उपयोगाचा? तो पतसंस्थांसाठी राखून ठेवला होता. यातले काही दोष सलग सहा वर्षं त्याच शब्दांत आले आणि त्याच शब्दांत दुरुस्त झाले. शेवटी दोष आणि दुरुस्ती यांचा संसार इतका सुखाचा चालला, की त्यांना वेगळं करणंच पाप वाटू लागलं. घरीही हेच वळण पडलं. बायको म्हणाली, “लक्ष ठेवा म्हटलं होतं, दूध उतू गेलं.” मी म्हणालो, “नोंद घेण्यात आली आहे.” ती म्हणाली, “कोणी घेतली? पातेल्यानं?”

असो. तर एका वर्षी आलेल्या लेखापरीक्षक बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. प्रशिक्षणाचं रजिस्टर मी स्वतःहून पुढं केलं, कारण ते माझं भूषण होतं. त्यांनी पानं उलटली, एका पानावर थांबल्या आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “साहेब, ३१ जूनचं प्रशिक्षण किती वाजता होतं?”

“सकाळी अकराला,” मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पान फक्त माझ्याकडे फिरवलं. अठरा जण हजर, अठरा सह्या, खाली माझा शेरा: ‘प्रशिक्षण उपयुक्त ठरले.’ मार्चच्या गडबडीत पुढच्या तीन महिन्यांच्या सह्या एकाच बैठकीत उरकून घेतल्या होत्या. तारखा मीच घातल्या होत्या. जून तीस दिवसांचा असतो हे अठरा जणांत एकालाही आठवलं नाही, आणि त्या अठरांत पदवीधर अकरा.

ही गोष्ट मी लग्नाकार्यात सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण ५ जुलै २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा मला हसू आलं नाही. तिथल्या ठेवीदारांना निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचा आधार होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तेवढंही छत्र नाही. हे आमच्या किती ठेवीदारांना माहीत असेल? मला माहीत होतं. पुस्तिकेत पान चौदावर ते मीच लिहिलं आहे. बारीक टाइपात.

त्या दिवशी जाताना लेखापरीक्षक बाई म्हणाल्या, “पिग्मीची पासबुकं बाहेर जाऊन तपासा. टेबलावर नको.” म्हणून एका शुक्रवारी एजंटाच्या मागं भाजीबाजारात गेलो. छातीवर बिल्ला होताच. एक मेथीवाली बाई होती. एजंटानं तिचे पन्नास रुपये घेतले, ओळ लिहिली, पासबुक परत दिलं. तिनं ते उलटं धरलं. एजंटानं सुलटं करून दिलं. मग ओल्या बोटानं ती एकेक ओळ दाबत गेली.

“सोमवारपासून मीनं चार डाव पैसे देले. ह्या पाच हायेत.”

एजंट हसला. गिऱ्हाइकाचा खाडा पडला की पदरचे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी मागून घ्यायचे, ही त्याची रीत. “मावशी, काल तुम्ही नव्हता ना, मीच भरले. जास्तच लिहिलंय, कमी तर नाही ना!”

“काल मले ताप होता, दुकानच नाही लावलं. मंग कालचे पैसे माहे कसे?” आणि माझ्याकडे वळून, “साहेब, तुमीच सांगा.”

ते वाक्य जिभेवर आलं होतं, ‘यापुढे’पर्यंत बोललोही. मग कांद्याच्या पोत्यावर बसलो, कालची ओळ खोडली, बाजूला सही केली आणि जरा रुबाबात पासबुक तिच्या हातात दिलं.

तिनं सहीकडे पाहिलंही नाही.

“खोडलं तं ठीक. आता मोजून दाखवा.”

मी बोट ठेवलं. एक. दोन. तीन. खोडलेल्या ओळीवर बोट अडलं.

“ते सोडा,” ती म्हणाली.

“चार.”