गिझरच्या कैफियतीचा तपास कसा करावा

दसऱ्याच्या आगेमागे अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. मंडप घातला जातो, एखादे संचालक सपत्नीक पूजेस बसतात, भाषणे होतात, आणि बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाचा दाखला हाती असल्याखेरीज त्या अजस्र भांड्याखाली ठिणगी पडत नाही. त्यानंतर काही दिवसांनी, थंडीची पहिली शिरशिरी अहिल्यानगर शहरातील सावेडीच्या बंगल्यांतून फिरू लागली म्हणजे, उन्हाळाभर निद्रिस्त असलेल्या घरगुती गिझरचेही अग्निप्रदीपन होते. परंतु ते पंचा नेसलेला एकटा गृहस्थ, भाषणावाचून आणि दाखल्यावाचून, केवळ एक बटण दाबून उरकतो. या पक्षपातास कायद्याचाही आधार आहे. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यात २००७ साली जी दुरुस्ती झाली, तिने २५ लिटरहून लहान भांडी, तसेच शंभर अंशांखालीच पाणी तापविणारी भांडी बॉयलर या संज्ञेतून स्पष्टपणे वगळली. सरकारने अंग काढून घेतल्यामुळे या भांड्याचा निरीक्षक, पंच आणि वेळप्रसंगी फौजदार होण्याची जबाबदारी ओघानेच गृहस्थावर येते, आणि ती त्याने कशी पार पाडावी हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा खटाटोप.

ज्या दिवशी गिझरच्या कपाळावर उष्णतामानाऐवजी ‘ई’ हे अक्षर आणि त्यापुढे एखादा अंक लुकलुकू लागेल, त्या दिवशी प्रथम हे ध्यानात घ्यावे की यंत्राने आपल्यापुढे कैफियत ठेवली आहे, निकाल दिलेला नाही. कोणता अंक म्हणजे कोणते दुखणे, याबाबत प्रत्येक कंपनीने आपापली स्वतंत्र दंडसंहिता रचलेली असल्यामुळे, शेजाऱ्याच्या ‘ई३’वरून आपल्या ‘ई३’चा अर्थ लावणे हे परमुलखातील कायद्याने आपल्या गावचा खटला चालविण्यासारखे होईल. अर्थनिर्णयासाठी पुस्तिका पाहावी. ती घरात असतेच. मात्र ज्या खणात ती असल्याबद्दल घरातील सर्वांची एकवाक्यता असते, त्या खणात ती नसते. ती सापडेपर्यंत एवढे पुरे की अंक कितीही असले तरी गिझरच्या तक्रारी बहुधा चारच: टाकी कोरडी आहे, पाणी मर्यादेबाहेर तापले आहे, उष्णता मोजणारा सेन्सर निकामी झाला आहे, किंवा वीज नको तेथे झिरपते आहे.

यांपैकी चौथीच्या बाबतीत पांडित्य करू नये. मुख्य बटण बंद करावे, नळाला हात लावू नये, आणि अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेली आहे की भिंतीत शिरून तिथेच विसावली आहे, याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. तिसरीतही गृहस्थास करण्यासारखे फारसे काही नसते. सेन्सर बदलावा लागतो.

कोरड्या टाकीची फिर्याद आली असता मात्र गिझरकडे न पाहता प्रथम गच्चीवर जावे. अहिल्यानगर शहराने पाण्याची कला फार पूर्वी आत्मसात केली होती. निजामशाहीत भुईखालून खापरी नळ घालून लांबलांबचे पाणी शहरात आणि बागांत खेळविले होते. आज ते मुळा धरणातून येते, पण ते आपल्या गच्चीवरील टाकीत कोणत्या वारी आणि कोणत्या प्रहरी उतरेल, हे सांगण्यास ज्योतिषीही कचरतो. टाकी रिकामी असेल तर गिझर निर्दोष आहे, किंबहुना तारा जळू न देता वेळीच ओरडल्याबद्दल प्रशंसेस पात्र आहे. शहराबाहेरच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे आणि सारे नगर तिला पिढ्यानपिढ्या चांदबीबीचा महाल म्हणते; जेथे एवढ्या मोठ्या इमारतीवर दुसऱ्याचे नाव चढू शकते, तेथे टाकीचा अपराध गिझरच्या नावावर चढला तर नवल मानू नये.

खरा तपास आहे तो अतितापाचा. अनुभवी वायरमन अशा वेळी अंकाकडे पाहतसुद्धा नाही, पिशवी खाली ठेवता ठेवता तो विचारतो, “काका, पाणी बोअरचं का नळाचं?” या एका प्रश्नात निम्मा पंचनामा उरकलेला असतो. अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी मृदू. तेच प्रवरेच्या कालव्यांतून उतरून, मुरून, राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यात विहिरीवाटे पुन्हा वर येते तेव्हा वाटेत इतके क्षार गोळा करून येते की साबणाला फेस फुटत नाही. अशा पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट आच लागताच विघटन पावून कार्बोनेट बनते आणि गरम नळीवरच, म्हणजे एलिमेंटवरच, पांढऱ्या पुटाच्या रूपाने ठाण मांडते. या पुटातून उष्णता पाण्यात जाण्यास कुचराई करते, एलिमेंट आतल्या आत भाजून निघते, आणि थर्मोस्टॅट त्रासून दरवाजा बंद करतो. गिझर तापताना आतून कडकड, खदखद असा आवाज येऊ लागला तर कैफियत अद्याप लेखी आली नसली तरी तोंडी आली आहे असे समजावे. वीज तोडून, पाणी काढून, वायरमनच्या हातून एलिमेंट बाहेर घ्यावे आणि लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घालावे. त्याच वेळी आतील मॅग्नेशियमचा दांडा पाहावा. टाकीच्या पत्र्याऐवजी गंज त्याने स्वतःवर ओढून घ्यावा अशी त्याची योजना असते, त्यामुळे तो झिजून काडी झालेला आढळल्यास त्याची कामगिरी चोख समजून दुसरा बसवावा. गिझरचा काटा साठ-सत्तर अंशांवर नेऊन मग बादलीत निम्मे गार पाणी ओतण्याची जी रीत घरोघर आहे, ती मोडून काटा पन्नासच्या आसपास ठेवल्यास पूटही सावकाश चढेल आणि वीजबिलही. अर्थात वडीलधाऱ्यांना ‘कढत’ या शब्दाखाली काय अभिप्रेत आहे ते पाहूनच हा सुधारणावाद घरात मांडावा.

काही दुखणी मात्र अशी की गिझर त्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. वस्तीवरच्या घरात पाणी तापता तापत नाही आणि पडद्यावर तर सारे क्षेमकुशल, असे झाले म्हणजे गणित मांडावे. २००० वॅटच्या गिझरला २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर नेण्यास हिशेबाने पस्तीस मिनिटे लागतात. पण दाब २३० व्होल्टवरून १८० वर घसरला की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सव्वाबाराशे वॅटच्या घरात येते आणि तीच आंघोळ सत्तावन्न मिनिटांवर जाते. या बाबतीत न्हाणीच्या दारावर थापा मारणाऱ्यांचे जबाब ग्राह्य धरू नयेत.

गॅसचा गिझर असणाऱ्यांस एकच ताकीद. ज्योत पेटत नसल्याचा अंक दिसला तर आधी सिलिंडर, मग पाण्याचा दाब, मग आतील बॅटरी पाहावी. पण थंडी लागते म्हणून न्हाणीची खिडकी कापडाने बुजवून तो कधीही चालवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि त्याच्यासाठी कोणत्याही पडद्यावर अंक उमटेलच असे नाही.

एवढे करूनही गिझर दाद देत नसेल, तर प्रकरण दप्तरदाखल करून माळ्यावरून तांब्याचा बंब उतरवावा. मधल्या नळकांड्यात दोन गोवऱ्या आणि मूठभर चिपाडे घातली की त्यास पुस्तिकेची गरज पडत नाही. धूर घरात आला तर राख साचली आहे आणि तळाशी ओल दिसली तर कल्हईवाला नव्हे, तांबट बोलवायचा आहे, एवढी त्याची संहिता. परंतु पुष्कळ घरांतून हा बंब मोडीत घालूनच गिझरच्या किमतीस हातभार लावलेला असल्याने, त्या घरच्या मंडळींनी बादली घेऊन निघण्यापूर्वी शेजारी बंब शाबूत आहे की तेथेही ‘ई३’ लागला आहे, याची आगाऊ चौकशी करावी.