चित्र दिसतंय ना, मग झालं?

शहरातल्या संगणक-जोडणी दुकानाचे मालक यांस,



तुमच्या दुकानाचं नाव या पत्रात कुठेही नाही. वाचल्यावर तुम्हाला ते आपोआप आठवेल. तुमच्याच पद्धतीनं धंदा करणाऱ्या आणखी कुणाला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही ते आपलंच समजावं.

आमचा पुतण्या माण तालुक्यातल्या म्हसवडकडचा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पैसे साठवतो आणि काम संपलं की रात्री जीटीए फाइव्ह खेळतो. त्याच्या संगणकात रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं आणि रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. खेळ मध्यम सेटिंगवर का होईना, पण खेळता येण्याजोगा चालायचा. साठवलेले पैसे घेऊन, कॅबिनेट चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून तो तुमच्याकडे आला. तुम्ही आरटीएक्स ३०६० कार्ड बसवलंत, १६ जीबीची नवी रॅम टाकलीत, वीज पुरवणारा नवा एसएमपीएस जोडलात आणि पैसे मोजून घेतलेत. घरी येऊन पोरानं खेळ लावला, तर तो आधीपेक्षा जास्त अडकायला लागला. पदरचे पैसे घालून आणलेल्या संगणकाला त्याच पैशात हळू करून देणं सोपं नाही. ते तुम्ही एका दुपारी करून दाखवलंत.

फोन केला तेव्हा तुमचं पहिलं उत्तर आलं, “नेट स्लो असेल.” जीटीएमधला कथेचा भाग नेट बंद ठेवूनही खेळता येतो. पोरानं राउटर बंद करून पाहिलं, तरी खेळ तसाच अडकत होता. नेट मंद असेल तर ऑनलाइन खेळात दुसऱ्यांच्या हालचाली उशिरा पोचतात. आपलंच चित्र तुकड्या-तुकड्यानं पुढं सरकत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा यंत्रात असतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात नेटचा काही संबंध नसतो. संगणक विकणाऱ्याला एवढा फरक ठाऊक असायला हवा.

मग तुमचं दुसरं उत्तर आलं, “चित्र दिसतंय ना? मग कार्ड चालू आहे.” या वाक्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

चित्र दिसत होतं, कारण तुमच्या माणसानं मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टवर पेननं खूण करून बजावलं होतं की केबल इथंच लावायची. नव्या कार्डाच्या पोर्टांवरची रबरी टोपणं काढू नका, तिकडं धूळ फार असते, असंही वर सांगितलं. ५६००जी प्रोसेसरच्या पोटातच छोटं ग्राफिक्स असतं, आणि मदरबोर्डच्या पोर्टातून येणारं चित्र त्याचं होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर नव्या कार्डाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असं लिहिलेलं. म्हणजे कार्डाचा ड्रायव्हरही टाकलेला नव्हता. कार्डाचे पंखे फिरत होते, दिवा लागत होता, आणि कार्ड एका फ्रेमचंही काम करत नव्हतं.

तरीही प्रश्न उरतोच. जुनंच ग्राफिक्स चालत होतं, तर खेळ निदान पूर्वीसारखा चालायला हवा होता. तो आधीहून वाईट का झाला? त्याचं उत्तर रॅममध्ये सापडलं. तुम्ही दोन पट्ट्या काढल्यात आणि एक बसवलीत. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दोन ओळी होत्या: वेग २४००, आणि चारपैकी एकच स्लॉट वापरात. डीडीआर४ रॅमची प्रत्येक वाहिनी ६४ बिटांची असते. २४०० वेगाच्या दोन पट्ट्या दोन वाहिन्यांवर असल्या की प्रोसेसरला सेकंदाला ३८.४ जीबी माहिती मिळू शकते. एकाच पट्टीवर हा आकडा १९.२ वर येतो. ८ चे १६ जीबी करताना साठा दुप्पट झाला आणि वाट निम्मी झाली. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची रॅम नसते, ते या वाटेवरच जगतं. तुम्ही त्याच्याकडूनच काम करून घेत राहिलात आणि वर त्याची शिदोरीही अर्धी केलीत. शेजारी आरटीएक्स ३०६० वर स्वतःची १२ जीबी मेमरी सेकंदाला ३६० जीबीच्या वेगानं तयार होती, तिला कुणी विचारलंच नाही.

तुम्ही विकलेल्या पट्टीच्या पाकिटावर ३२०० असं ठळक छापलंय. तो वेग अशा पट्टीला आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ही सेटिंग चालू करावी लागते. हे काम पाच मिनिटांचं आहे. पोरानं ३२०० चे पैसे दिले आणि तुम्ही २४०० वर चालवून दिलंत. त्या दोन जुन्या पट्ट्या परतही दिल्या नाहीत. त्याच्या मालकीच्या वस्तू तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

पोरानं हे सगळं वाचून, मित्रांना विचारून, एकेक करत शोधून काढलं. केबल कार्डाला लावली, ड्रायव्हर टाकला, तसा खेळ खरोखर पळायला लागला. पण थोड्याच वेळात संगणक फाटकन बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा खेळ लावला, पुन्हा बंद. तेव्हा तुमचं तिसरं उत्तर आलं: “तुमच्या माणची लाईटच तशी. दुष्काळी भाग, तिथं काय गेमिंग चालणार?”

संगणक बंद पडला त्या क्षणी खोलीतला पंखा फिरत होता आणि ट्यूबलाईट मिणमिणलीसुद्धा नाही. आमच्याकडं लाईट जाते, शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, हे आम्हाला तुमच्याकडून शिकायचं नाही. म्हणूनच दोष लाईटचा कधी आणि यंत्राचा कधी, हे आम्हाला तुमच्यापेक्षा बरं कळतं. एसएमपीएसच्या बाजूला मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलंय. त्याखाली बारीक अक्षरांचा तक्ता आहे, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांचा जवळपास सगळा भार याच १२ व्होल्टवर असतो. आरटीएक्स ३०६० ची मर्यादा १७० वॉट, आणि ५६००जी जोरात चालला की ८८ वॉटपर्यंत मागतो. बेरीज २५८. सातवीतला मुलगाही सांगेल की २१६ मधून २५८ निघत नाहीत. हे कार्ड बनवणारी कंपनी स्वतः ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस सुचवते. केबल चुकीच्या पोर्टाला होती तोवर कार्ड झोपलेलं होतं, म्हणून तुमचा एसएमपीएस तगला. कार्ड जागं झाल्याबरोबर तो उघडा पडला, आणि तुम्ही खापर फोडलंत आमच्या तालुक्यावर.

त्या वाक्यानं पोर गप्प झाला. त्याला खरंच वाटायला लागलं की आपण राहतो तिथं असली चैन करू नये. मला राग आलाय तो याच गोष्टीचा. माणमध्ये पाऊस कमी पडतो, अक्कल कमी पडत नाही. साक्षर नाहीत म्हणून ज्या बायकांना आधी बँकेचा परवाना नाकारला गेला, त्यांनीच १९९७ साली म्हसवडमध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये, राज्यात पहिली आलेली टाकेवाडी आमच्याच तालुक्यातली. चर किती लांब, किती खोल, हे टेपनं मोजून घेणारी माणसं आहेत ही. मोजल्याशिवाय काम झालं असं इथं कुणी म्हणत नाही. तुम्ही मात्र चित्र दिसलं की पैसे घेता.

सुटे भाग आज कुणीही घरपोच मागवू शकतो. तुमच्याकडं माणूस येतो तो हे भाग एकमेकांना जुळतात का, हे बघणाऱ्या डोळ्यांसाठी. कुठल्या कार्डाला किती वॉट, कुठल्या पट्टीला कुठला स्लॉट, कुठली सेटिंग बायोसमध्ये, हे ठाऊक असणं हाच तुमचा धंदा आहे. म्हसवडहून तुमच्याकडं यायचं म्हणजे पोराचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाचं काम जातं. लांबच्या गिऱ्हाईकाचं काम जास्त काळजीनं करायला हवं, कारण त्याला उद्या पुन्हा येता येत नाही. तुम्ही हिशेब उलटा मांडलात: लांबचं आहे, परत कशाला येतंय.

तेव्हा मागणी सरळ आहे. जुन्या दोन पट्ट्या परत करा. एसएमपीएस बदलून द्या किंवा त्याचे पैसे द्या. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतल्या त्रुटीची तक्रार होईल. या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबरही पोरानं लिहून ठेवलाय.

आणि एक मागणी पोरासाठी नाही, त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. पुढच्या वेळी माणमधून, आटपाडीतून, जतमधून कुणी कॅबिनेट घेऊन आलं, तर ते त्याच्यासमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवा. रॅमचा वेग, किती स्लॉट वापरात, कार्डाचं तापमान, एसएमपीएसचे १२ व्होल्टवरचे अँपिअर, एवढे आकडे बिलाच्या मागे लिहून खाली सही करा. मग पैसे घ्या.

आपला,
माण तालुक्यातला एक काका