जावई, ड्रायर आणि एक तार

सासरी जावयाने काय करावं हे ठरलेलं आहे: जेवावं, वामकुक्षी घ्यावी, निघावं. साताऱ्याला मी हा रिवाज मोडला, कारण सासूबाईंच्या जुन्या दोन टपांच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरेना. नुसता ‘हुंऽऽ’ करायचा आणि आतली चादर ढिम्म.

“मेकॅनिकला बोलवू का?” सासूबाईंनी विचारलं. मी असताना मेकॅनिक? आमच्या घरचं टॉपलोड फुल ऑटोमॅटिक बिघडलं तेव्हा मी मेकॅनिकच्या खांद्यावरून सगळं पाहिलं होतं. त्यात मोठी मोटर एकच. धुताना ती तळाची चकती फिरवते. पिळायची वेळ झाली की ड्रेनची छोटी मोटर एक दांडी ओढते. त्या एकाच ओढीत पाण्याची वाट उघडते आणि क्लच सरकून अख्खा टप फिरायला लागतो. तेव्हा पिळत नसेल तर आधी ड्रेन बघावा. हे ज्ञान पाजळत मी प्लग काढला, मागचा पत्रा उघडला, मध्ये लोंबणारी एक तार बाजूला सारली आणि ड्रेनच्या नळीला हात घातला. एक बटण, एक सेफ्टी पिन आणि बराच काळा गाळ निघाला. गाळ माझ्या पांढऱ्या लेंग्यावर. प्लग लावला. ‘हुंऽऽ’.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी अमेरिकेत शिरलो. तिकडे व्हर्लपूलने 1980च्या दशकात मोटर आणि गिअरबॉक्समधला बेल्टच काढून टाकला, मी सासरेबुवांना सांगू लागलो. मोटर एका दिशेने फिरली की मधला खांब कपडे घुसळतो, उलटी फिरली की टप पिळतो. दोघांच्या मध्ये प्लास्टिक-रबराचा स्वस्तातला जोड. भार फार झाला तर तो तुटतो, गिअरबॉक्स वाचतो. सासरेबुवा मान डोलावत होते. चादर ठिबकत होती.

मेहुण्याने मेकॅनिकला केव्हाच फोन केला होता. त्याने ड्रायरचं झाकण दोनदा उघडलं-मिटलं आणि म्हणाला, “तार गेलीय.”

या मशीनमध्ये धुण्याची मोटर वेगळी, पिळण्याची वेगळी. ड्रेनच्या झडपेला पिळण्यात काही मत नाही. ड्रायरच्या झाकणापासून खाली ब्रेकपर्यंत एक तार जाते. झाकण लावलं की ती ब्रेक ओढून धरते. उघडलं की ढिली पडते आणि स्प्रिंग ब्रेकचा गुटका ड्रमवर दाबते. तार गंजून तुटली होती, म्हणून ब्रेक लागला तो लागलाच. म्हणजे मघाशी मी बाजूला सारली ती. गंमत अशी की तार तुटल्यावर ब्रेक सुटत नाही, लागतो. ज्याने हे आखलं त्याला माझ्यासारखे जावई ठाऊक असावेत.

नवी तार बसली, चादर घरघरत फिरली. मी लेंगा बदलून आलो तेव्हा सासरेबुवांनी चहाचा कप पुढे केला आणि अगदी साळसूदपणे विचारलं, “मग जावईबापू, ते अमेरिकेतलं पिळताना उजवीकडे फिरतं की डावीकडे?”