आप्पांची नागीण

"ऐकलंस का गो?"

गडग्यापलीकडून काकूंची हाक आली तेव्हा मी कोकमाच्या सालींना तिसरं पुट देत होते. हात मनगटापर्यंत लाल. काकूंचं 'ऐकलंस का' म्हणजे निदान अर्ध्या तासाची निश्चिंती, म्हणून परात उचलून गडग्यावरच आणून ठेवली.

"वरच्या आळीतल्या आप्पांना नागीण झाली. पाठीतून निघाली ती पार बेंबीपर्यंत आली म्हणे. शेपूट तोंडाला मिळालं की आटोपलंच!"

"मिळायचं नाही, काकू."

"तू कोण सांगणार?"

"सरकारी दवाखान्यात 31 वर्षं सिस्टर होते मी. नागिणी किती बघितल्या त्याची मोजदाद नाही. एकीनेही वेटोळं पुरं केलं नाही. कण्यातून प्रत्येक मणक्यापाशी दोन मज्जातंतू निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. नागीण ज्यातून येते त्याच्याच पट्ट्यात फोड उठतात. बेंबीपाशी त्याची हद्द संपली. आपल्या गडग्यासारखं."

"गडगा आमच्या शेळ्या रोज ओलांडतात."

"त्या ओलांडतात. नागीण नाही ओलांडत. अंगातली ताकद पारच गेलेल्या माणसाला कधी अंगभर फोड येतात, ते खरं. पण आप्पा परवापर्यंत माडाखाली उभे राहून पाडेल्याशी भांडत होते."

काकूंचा थोडा हिरमोड झाला. मरण लांबलं की गप्पांतलं मीठच जातं. पण त्यांच्याकडे दुसरी बातमी तयार होती.

"सून पोराला उचलून माहेरी गेली. म्हातारा इकडे कण्हतोय नि ही म्हणते, पोराला नागीण लागेल."

"पोर दोन वर्षांचं ना? कांजिण्यांची लस दिलीय?"

"तसलं काही नाही."

"मग नागीण नाही, पण कांजिण्या लागू शकतात त्याला. आप्पांच्या फोडांतल्या पाण्यात तोच विषाणू असतो. फोड फडक्याने झाकले नि पोराला खपल्या धरेपर्यंत लांब ठेवलं तरी भागलं असतं. माहेर गाठायला नको होतं."

"कांजिण्या कुठनं आल्या मधेच?"

"मधे कुठे? त्याच तर आहेत या. आप्पांना लहानपणी आल्या असतील."

"आल्या होत्या! आम्ही सगळी पोरं माजघरात ओळीने निजलो होतो, कडुनिंबाच्या पाल्यावर. आप्पा सगळ्यात कडेला, नि सगळ्यात रडका."

"तेव्हा खपल्या पडल्या, आंघोळ घातली, सगळ्यांना वाटलं गेल्या. गेल्या नाहीत. विषाणू कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन दडला. साठ वर्षं तिथेच. कूळ लागल्यासारखा."

"कुळाचं मला नको सांगूस," काकू एकदम कडाडल्या. त्यांच्या सासऱ्यांची खालची खाजणं कुळात गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण जखम ओली आहे. "नि साठ वर्षं गप्प कसा बसला मग?"

"राखणदार होते म्हणून."

काकूंनी पदर खोचला. राखणदार म्हटल्यावर त्या ऐकणारच.

"रक्तात टी पेशी म्हणून असतात. कांजिण्यांच्या वेळी ज्यांनी या विषाणूशी झुंज दिली, त्यांतल्या काही पुढे जन्मभर त्याचं तोंड लक्षात ठेवून राहतात. त्याने डोकं वर काढलं की तिथेच चोपतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. लोक अँटिबॉडी अँटिबॉडी करतात, पण त्या आप्पांच्या रक्तात आजही सापडतील, नि नागीण तरी झालीच. पेशीच्या आत दार लावून बसलेल्याला त्या काय करणार? तिथे हे राखणदारच लागतात. पन्नाशी उलटली की ते विरळ व्हायला लागतात. वरून साखर असली, कुणाला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की आणखी सुस्त. कूळ तेवढीच वाट बघत असतं."

"राखणदाराला वर्षाला नारळ ठेवावा लागतो. नाही ठेवला तर तो तरी कशाला जागेल?"

मी थक्क झाले. हेच सांगायला इंग्लंडातल्या होप-सिम्पसन नावाच्या डॉक्टरला 16 वर्षं वही भरावी लागली होती. सायरनसेस्टर म्हणून एक गाव, तिथला साधा गावडॉक्टर. आपल्या पेशंटांतल्या नागिणी तो एकेक करून लिहून ठेवी. 192 जमल्या. मधे शेटलंडच्या येल बेटावर जाऊनही नागीण झालेल्यांची चौकशी करून आला. 1965 साली त्याने मांडलं, की नागीण बाहेरून येत नाही, आतलाच जुना विषाणू जागा होतो. आणि कांजिण्या झालेल्या पोरांत वावरलं की म्हाताऱ्यांच्या राखणदारांना जुन्या वैऱ्याची आठवण ताजी होते. मी काकूंना एवढंच म्हटलं, "नातवंडांच्या कांजिण्या हाच तो नारळ."

"म्हणजे सुनेनं पोर नेलं ते..."

"ते नका हो तिच्या माथी मारू! पोराला कांजिण्या नाहीतच मुळी."

खरा घोळ दुसरीकडे झाला होता. फोड यायच्या आधी तीन दिवस आप्पांची एक बाजू भाजल्यासारखी जळत होती. घरच्यांना वाटलं उसण भरली, तेल चोळलं. फोड आले तेव्हा नागीण उतरवणाऱ्याला आणलं. त्याने गेरू फासला, मंत्र घातला, दक्षिणा घेतली नि चौथ्या दिवशी परत बोलावलं. फोड दिसल्यापासून 72 तासांत असायक्लोव्हिर सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग. दिवसाला पाच वेळा घ्यायच्या गोळ्या. आप्पांचे ते तास गेरूखाली वाळले. आता फोड सुकतील, पण विषाणूने मज्जातंतू दुखावलाय. कुणाकुणाची ही जळजळ महिनोन्‌महिने राहते, सदरा टेकलेला सोसत नाही. त्यातल्या त्यात नशीब, कमरेवर आली. कपाळावर येऊन नाकाच्या शेंड्याला फोड उठले असते तर डोळ्याच्या डॉक्टरकडे धावावं लागलं असतं.

"लस आहे म्हणतात?" काकूंनी आवाज खाली आणला. स्वतःसाठी विचारायचं असलं की त्यांचा आवाज असाच खाली येतो.

"आहे. 2023 पासून आपल्याकडेही मिळते. पन्नाशीपुढच्यांना दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. महाग आहे, आधीच सांगते. जिवंत विषाणू नसतो तिच्यात, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन असतं फक्त. तेवढं दाखवलं की राखणदार उठून बसतात. दंड ठणकतो, एखाददिवस कणकण येते."

"दोन कशाला? एकात नाही भागत?"

मी परातीकडे बोट दाखवलं. "एका पुटात आमसूल होतं का?"

काकू हसल्या आणि हसता हसताच किंचाळल्या. "अगो! पाठीला काय झोंबलं बघ! जळतंय गो!" गडग्याला पाठ लावून त्यांनी चोळी वर केली. "एकाच बाजूला आहे का? खरं सांग!"

आंब्याची फांदी नेमकी त्यांच्या डोक्यावर होती. मी बघितलं.

"दोन्ही बाजूंना."

"मग लाल मुंगीच मेली," काकू म्हणाल्या, आणि चोळी झटकायला घरात पळाल्या.